छापून आलेल्या शोधनिबंधावर आरोप झाला तर: आधी पीडीएफला हात लावू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका विज्ञान संघटनेच्या त्रैमासिकाच्या संपादकपदी नुकत्याच आलेल्या प्राध्यापिकांना एक निनावी ईमेल आली. तीन वर्षांपूर्वी त्याच त्रैमासिकात आलेल्या एका शोधनिबंधातली दोन चित्रं मुळात एकच आहेत, फक्त एक आडवं उलटवून लावलंय, असा आरोप. लेखकांमध्ये विद्यापीठातले एक वजनदार सर आहेत, संघटनेचे माजी पदाधिकारी. कार्यकारिणीचं म्हणणं, "वेबसाइटवरून पीडीएफ काढा, विषय संपवा." त्या विचारतात, मी नेमकं काय करू?

मॅडम, पहिली गोष्ट, पीडीएफ आहे तिथेच राहू द्या. लेख कितीही सदोष निघाला तरी तो जागेवर राहतो आणि त्याच्यावर ठसठशीत सूचना लागते. लेख 'मागे घेणं', इंग्रजीत रिट्रॅक्शन, म्हणतात ते हेच. माझी बरीच वर्षं अशा फायलींमध्ये गेली आहेत, आणि गुपचूप काढलेला लेख गुपचूप राहिलाय असं मी एकदाही पाहिलेलं नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. लेखाची प्रत कुणाच्या तरी संगणकात असते, रिसर्चगेट या संशोधकांच्या संकेतस्थळावर असते, दोन-चार प्रबंधांच्या संदर्भसूचीत असते. तिथून कुणी तुमच्या पानावर आला आणि 'पान सापडत नाही' एवढंच दिसलं, तर त्याने काय समजायचं? वेबसाइट बिघडली, डोमेनचे पैसे भरायचे राहिले, की निष्कर्षच खोटे निघाले? त्या लेखावर विसंबून ज्याने पुढचा प्रयोग मांडलाय त्याला सावध करायची तुमच्याकडे एकच जागा आहे, आणि ती म्हणजे तेच पान.

लेख खरोखर काढून टाकायची वेळ क्वचित येते. रुग्णाची ओळख उघड झाली असेल, न्यायालयाचा आदेश असेल किंवा वाचून कुणी ते अमलात आणलं तर जिवाला धोका असेल, तेव्हाच. तेव्हाही शीर्षक, लेखकांची नावं आणि काढण्याचं कारण पानावर ठेवायचं असतं.

आता मुख्य मुद्दा. तुमच्यासमोर दोन प्रश्न आहेत आणि जवळपास सगळेजण त्यांची गल्लत करतात. छापलेल्या मजकुरावर विश्वास ठेवता येतो का, हा पहिला. हे कुणी केलं, मुद्दाम केलं का, त्याला काय शिक्षा, हा दुसरा. पहिला तुमचा आहे. दुसरा लेखकाच्या संस्थेचा. सरांचा हेतू काय होता हे ठरवायला तुमच्याकडे ना अधिकार आहे ना साधनं. आणि ते ठरेपर्यंत थांबलात तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर हातात असूनही वर्षं जातात.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलचं आहे, आणि दोन्ही बाजूंनी. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्यांनी अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा १२ मुलांवरचा लेख छापला. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारी सगळी आरडाओरड तिथून सुरू झाली. २००४ मध्ये ब्रायन डिअर या पत्रकाराने त्यातले आर्थिक हितसंबंध उघड केले, तेव्हा १० सहलेखकांनी लेखातला अन्वयार्थ तेवढा मागे घेतला. लेख तसाच उभा राहिला. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलचा निर्णय जानेवारी २०१० मध्ये आला आणि त्यानंतर काही दिवसांत, २ फेब्रुवारीला, लेख पूर्ण मागे घेतला गेला. बारा वर्षं. तेच जर्नल, २२ मे २०२०: कोविडसाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा लेख, ६७१ रुग्णालयांतल्या ९६,०३२ रुग्णांची माहिती असल्याचा दावा. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या आधारावर आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. आकडे जुळत नाहीत म्हणून जगभरातल्या संशोधकांनी खुलं पत्र लिहिलं. सर्जिस्फिअर या कंपनीकडे असलेला मूळ डेटा त्रयस्थ तपासनिसांना दाखवा, एवढीच मागणी होती. कंपनीने तो दिला नाही, तीन लेखकांनी लेख मागे घ्यायला सांगितलं आणि ४ जूनला तो मागे घेतलाही गेला. तेरा दिवस. कंपनीने लबाडी केली की आणखी काय, याचा निवाडा व्हायची कुणी वाट पाहिली नाही. डेटा दाखवता येत नाही, म्हणजे निष्कर्ष उभा राहत नाही. तुमच्या कामाची व्याप्ती एवढीच.

लेख मागे घेणं म्हणजे लेखकाला चोर ठरवणं, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. तो अगदीच निराधार नाही. जीववैद्यक क्षेत्रातल्या मागे घेतलेल्या २,०४७ लेखांचा २०१२ मध्ये अभ्यास झाला, त्यात दोनतृतीयांशांच्या मुळाशी गैरवर्तन होतं आणि प्रामाणिक चूक साधारण पाचातल्या एका लेखात. त्यामुळे लोक बिचकतात. पण फ्रान्सिस अर्नोल्ड आठवा. २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल, आणि जानेवारी २०२० मध्ये 'सायन्स'मधला स्वतःचा लेख त्यांनी मागे घेतला. प्रयोग पुन्हा करून पाहिले तर ते जमेनात, आणि पहिल्या लेखकाच्या प्रयोगवहीत महत्त्वाच्या प्रयोगांच्या त्या-त्या वेळच्या नोंदीच नव्हत्या. बाईंनी जाहीर माफी मागितली, आपलं लक्ष कमी पडलं असं सरळ लिहिलं. त्यांची पत वाढलीच. सरांशी बोलताना हे उदाहरण हाताशी ठेवा, उपयोगी पडतं.

तक्रार निनावी आहे म्हणून फेकून देऊ नका. पुष्कळ तक्रारी भांडणातून येतात: गाइडने छळलेला विद्यार्थी, पदोन्नतीत मागे पडलेला सहकारी, शेजारच्या प्रयोगशाळेतली भाऊबंदकी. असू दे. चित्र सारखं असेल तर ते तक्रारदार सज्जन नसला तरी सारखंच असतं. 'तुमचे सगळे लेख बोगस' अशी मोघम ईमेल असेल तर पुरावा मागा. तुमच्याकडे आकृतीच्या क्रमांकासह तक्रार आली आहे, म्हणजे ती बघावीच लागेल. दोन ओळींचं उत्तर द्या: मिळालं, पाहतो आहोत. किती दिवसांत, काय कारवाई, असलं वचन देऊ नका. आणि तो कोण असेल याचा शोध घेऊ नका. कार्यकारिणीत कुणीतरी हे हमखास सुरू करतं.

मग स्वतः बघा. तक्रारीसोबतच्या स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका. लेखकाने सादर केलेल्या मूळ फायली काढा, छपाईला गेलेली चित्रं काढा. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं काळ्या पट्ट्यांच्या रूपात दाखवणारं चित्र) असेल तर काळ्या पट्ट्यांकडे आधी पाहूच नका, कारण पट्ट्या एकमेकींसारख्या दिसू शकतात. पार्श्वभूमी बघा. धुळीचा कण, ओरखडा, कोपऱ्यातला पुसट डाग. तीच तीन ठिपक्यांची ठेवण दोन चित्रांत आली, तर तो योगायोग नसतो. एक चित्र आडवं उलटा, अर्धपारदर्शक करून दुसऱ्यावर ठेवा, कॉन्ट्रास्ट वाढवा. ठिपक्यावर ठिपका बसला की त्या स्थितीचा फोटो तारखेसह जपून ठेवा. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक यांनी नुसत्या डोळ्यांनी २०,६२१ शोधनिबंध तपासले होते. २०१६ च्या त्या अभ्यासात ३.८ टक्के लेखांत संशयास्पद चित्रं सापडली. आता सॉफ्टवेअर आहेत, पण ती बोट दाखवतात, निकाल देत नाहीत.

आता पत्र. इथे संपादक दोन टोकांना जातात: एक तर फोनवर "सर, जरा बघा ना" असं अजिजीने सांगतात, नाहीतर थेट खुलासा मागणारी नोटीस काढतात. फोन नको, नोटीसही नको. आणि पत्र फक्त करस्पाँडिंग ऑथरला, म्हणजे लेखाचा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या लेखकाला, नको. सगळ्या सहलेखकांना, शक्य असेल तिथे त्यांच्या सध्याच्या पत्त्यावर. आपल्याकडे करस्पाँडिंग ऑथर म्हणजे बहुधा सरच असतात आणि ज्या विद्यार्थिनीने प्रयोग केले तिला अशा पत्राची गंधवार्ताही नसते. मजकूर साधारण असा ठेवा:

"आपल्या अमुक लेखातील आकृती २-ब आणि ४-क यांच्या पार्श्वभूमीत साम्य असल्याचे आमच्या निदर्शनास आणून देण्यात आले आहे. आम्ही स्वतः केलेली तुलना सोबत जोडली आहे. दोन्ही आकृत्यांची मूळ, न कापलेली स्कॅन (मार्करच्या रांगेसह), मूळ फायली आणि प्रयोगवहीतील संबंधित पाने चार आठवड्यांत पाठवावीत. या टप्प्यावर आम्ही कोणताही निष्कर्ष काढलेला नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. ते खरं आहे आणि पुढे कामालाही येतं.

उत्तरं ठरावीक प्रकारची येतात. हार्ड डिस्क क्रॅश झाली. विद्यार्थिनी परदेशात गेली. वकिलाचं पत्र. कधीकधी दुसऱ्याच दिवशी सगळ्या फायली, तारखांसकट. असं झालं की माझा निम्मा संशय तिथेच जातो. पण सगळ्यात जपायचं ते या उत्तरापासून: "प्रयोग पुन्हा केला, निष्कर्ष तोच आला, नवी आकृती जोडत आहे, शुद्धिपत्र छापावं." ऐकायला रास्त वाटतं. पण गेल्या आठवड्यात केलेला प्रयोग तीन वर्षांपूर्वीच्या लेखात काय होतं ते सांगत नाही. तुम्ही मूळ डेटा मागितला होता, तुम्हाला नवा डेटा मिळालाय. मूळ नसेल तर नाही असं लेखी घ्या आणि त्यावरून ठरवा.

शुद्धिपत्र कधी पुरतं? चूक एका ठिकाणी आहे, मूळ चित्र दाखवता येतं, आणि ते बदललं तरी निष्कर्ष हलत नाही, तेव्हा. घाईत चुकीची फाइल चिकटली, हे होतं. मी त्यावर विश्वास ठेवतो. पण चुकीची फाइल चिकटली तर ती उलटून चिकटत नाही. तुमच्या प्रकरणात मला खटकतंय ते हे. चित्र उलटवलेलं असेल, कापलेलं असेल, उजेड-अंधार बदललेला असेल, तर कुणाचा तरी हात त्यावरून फिरलाय. तो हात कुणाचा, हा पुन्हा तुमचा प्रश्न नाही. पण त्या आकृतीवर विसंबता येत नाही, एवढं तुम्ही म्हणू शकता. लेखाचा मुख्य निष्कर्ष त्याच आकृतीवर उभा असेल तर लेख मागे घ्यावा लागेल. एखाद्या सहलेखकाने विरोध केला तरी.

लेखकांच्या नावांवरून भांडण असेल आणि निष्कर्ष शाबूत असतील, तर मात्र लेख मागे घेऊ नका. नावांची दुरुस्ती करा. आणि एकच लेख दोन ठिकाणी छापला असेल तर मागे घ्यायचा तो नंतरचा, पहिला नव्हे. उलट केलेलं मी पाहिलंय.

लेखकांच्या उत्तराने समाधान झालं नाही की प्रकरण संस्थेकडे पाठवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यापीठात शैक्षणिक सचोटी पॅनेल असायला हवं, तर तिथे लिहा. पण ते नियम वाङ्मयचौर्यासाठी आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, मग १० ते ४०, ४० ते ६० आणि त्यापुढे अशा पायऱ्या. बनावट डेटा आणि चित्रांतले फेरफार या चौकटीत नीट बसतच नाहीत. (त्या टक्केवारीने आपल्याकडे एक नवीच अंधश्रद्धा आणली आहे. पद्धतीचं वर्णन आणि संदर्भ धरून ३० टक्के साम्य निरुपद्रवी असू शकतं आणि एकाच लेखातून जसाच्या तसा उचललेला आठ टक्क्यांचा उतारा सरळ चोरी असते. आकडा बघून फाइल बंद करू नका.) म्हणून पत्र कुलगुरूंना आणि संशोधन विभागाच्या प्रमुखांनाही जाऊ द्या. अमेरिकेत सरकारी निधीतल्या आरोग्य संशोधनासाठी ऑफिस ऑफ रिसर्च इंटेग्रिटी आहे. आपल्याकडे तसं दार ठोठवायला कार्यालय नाही, त्यामुळे संस्थेवरच अवलंबून राहावं लागतं.

आणि संस्था आपल्या माणसाला सांभाळून घेऊ शकते. पुण्यातल्या एका नामांकित जीवशास्त्र संस्थेतून आलेला २००५ चा एक शोधनिबंध अमेरिकेतल्या 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री'ने २००७ मध्ये मागे घेतला. आरोप तुमच्यासारखाच, निनावी ईमेल आणि आधीच्या लेखातल्या चित्रांचा पुनर्वापर. संस्थेने नेमलेल्या समितीला त्यात फेरफार आढळला नाही. दोन निष्कर्ष समोरासमोर उभे राहिले, तरी जर्नलने आपला निर्णय फिरवला नाही. संस्थेची क्लीन चिट जर्नलला बांधील नसते. अहवाल पूर्ण मागवा, कोणत्या फायली पाहिल्या ते विचारा, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसेल तर स्वतः ठरवा.

चौकशी रेंगाळली तर मधल्या काळात वाचकाला अंधारात ठेवायचं नसतं. त्यासाठी 'एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न' असतो: या लेखाबद्दल गंभीर शंका आल्या आहेत, चौकशी सुरू आहे, एवढीच संपादकीय नोंद, लेखाला जोडून. तो निकाल नव्हे आणि कायमची जागाही नव्हे. काही जर्नलं ती नोंद लावून लेख विसरून जातात, तसं करू नका. दर तीन महिन्यांनी संस्थेला स्मरणपत्र पाठवा.

मागे घेण्याची सूचना लिहिणं हे या कामातलं सगळ्यात कसबाचं लेखन. "लेखकांच्या विनंतीवरून सदर लेख मागे घेण्यात येत आहे." अशी सूचना वाचून वाचकाला काहीच कळत नाही, आणि जिला कारण नाही तिच्यातून गावभर कारणं निघतात. दुसरीकडे 'फसवणूक', 'बनवेगिरी' हे शब्द लिहायचा मोहही आवरा. अब्रुनुकसानी हा आपल्याकडे आजही फौजदारी गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९, आता न्याय संहितेचं ३५६. तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा, म्हणजे वकिलाच्या पत्राला घाबरायचं कारण उरत नाही:

"संपादक हा लेख मागे घेत आहेत. आकृती २-ब आणि ४-क यांची पार्श्वभूमी एकसारखी असून ४-क ही आडवी उलटवलेली आहे, मात्र लेखात त्या दोन वेगळ्या प्रयोगांच्या म्हणून दिल्या आहेत. लेखकांना मूळ डेटा सादर करता आला नाही. त्यामुळे लेखाच्या मुख्य निष्कर्षावर संपादकांचा विश्वास उरलेला नाही. अमुक लेखक या निर्णयाशी सहमत आहेत. अमुक असहमत आहेत. अमुक यांच्याकडून उत्तर आले नाही."

कोण मागे घेतंय, का, आणि कोण सहमत नाही. कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स, म्हणजे सगळे 'कोप' म्हणतात ती ब्रिटनमध्ये १९९७ साली सुरू झालेली संपादकांची समिती, हेच मागते. त्यांचे फ्लोचार्ट मोफत आहेत. कार्यकारिणीच्या बैठकीत छापून न्या. "मी नव्हे, पद्धत सांगते" असं म्हणायला आधार होतो. त्याच बैठकीत सरांशी ज्यांचं गाइड-विद्यार्थ्याचं, सहलेखनाचं किंवा नात्याचं काही असेल त्यांना या विषयापुरतं बाहेर बसायला सांगा आणि ते इतिवृत्तात नोंदवा. तरीही पीडीएफ काढायचा ठराव झाला तर तुमचा विरोध लेखी ठेवा.

ज्या विद्यार्थिनीचं नाव लेखात आहे तिला स्वतंत्र पत्र लिहा, सरांना सीसी न करता. तिची नोकरी किंवा पोस्टडॉक या लेखावर असू शकते, आणि मूळ फायली बहुधा तिच्याकडेच असतात.

तांत्रिक बाजू पटकन सांगतो. सूचनेला स्वतंत्र डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक), ती विनामूल्य वाचता यायला हवी, मूळ लेख आणि सूचना एकमेकांना जोडलेले. मूळ शीर्षकाआधी 'रिट्रॅक्टेड' हा शब्द इंग्रजीत, पीडीएफच्या प्रत्येक पानावर तिरका ठसा. ओजेएस (जर्नल चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर सूचना नवीन लेख म्हणून चढवा. जुन्या लेखाच्या सारांशात घुसडू नका. डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेला अपडेट कळवणं सगळ्यात महत्त्वाचं. मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ पासून क्रॉसरेफकडे आहे आणि खुला आहे. झोटेरोसारखी संदर्भ सांभाळणारी साधनंही रिट्रॅक्शन वॉचची माहिती वापरून संदर्भसूचीतल्या मागे घेतलेल्या लेखावर लाल पट्टी दाखवतात. तुमच्या पानावर कधीच न येणारा माणूसही असा सावध होतो.

या सरांचे तुमच्या त्रैमासिकातले बाकीचे लेखही बघून घ्या. चित्र उलटवायची सवय एका लेखापुरती क्वचितच असते. मोठ्या प्रकाशकांचं याहून वाईट झालंय: वायलीने २०२१ मध्ये हिंदावी ही जर्नलं काढणारी कंपनी विकत घेतली आणि २०२३ या एका वर्षात हिंदावीचे आठ हजारांहून अधिक लेख मागे घ्यावे लागले. बरेचसे विशेषांकांतले होते, जिथे पाहुणे संपादक आणि रिव्ह्यूअर यांच्यावर कुणाचं लक्षच नव्हतं.

कार्यकारिणीला 'आपली बदनामी होईल' ही भीती असेल तर एवढं सांगा. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी, जिचं बरंचसं काम पुणे विद्यापीठातल्या केंद्रातून चालायचं, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. जर्नल बरं की वाईट हे आता संस्थांनी स्वतः ठरवायचं आहे. ठरवणारा माणूस वेबसाइटवर चुका दुरुस्त केल्याच्या खुणा शोधतो. वीस वर्षांत एकही शुद्धिपत्र नसलेलं जर्नल पाहिलं की मला तरी शंकाच येते.

राहिली छापील अंकाची गोष्ट, ती बहुतेक जण विसरतात. तुमचं त्रैमासिक अजून ग्रंथालयांना छापून जातं. तेव्हा सूचना पुढच्या छापील अंकातही द्या, अनुक्रमणिकेत स्वतंत्र ओळीने, मूळ लेखाचा खंड, अंक आणि पृष्ठक्रमांक देऊन. पान भरायला उरलेल्या जागेत, वर्गणीच्या जाहिरातीखाली नको.